बोळिंजच्या हिरवळीवरची अळंबी

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि उरलेल्या वेळात अळंबी गोळा करायचे. पावसाळ्यात जमिनीतून वर येणाऱ्या, ज्यांना पोरं कुत्र्याच्या छत्र्या म्हणतात, त्या सगळ्या. त्यांच्यातल्या एका कुळाचं वसई तालुक्यापुरतं वर्गीकरण करायचं, हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. तो ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो हे मला पाठ झालं होतं. या विषयापायी माझं लग्न जमलं नाही, असं आई म्हणायची. तिला तसं म्हणून बरं वाटत असेल तर वाटू दे, असं मी म्हणायचे.

कुळाचं नाव अगॅरिकेसी. मोठं खटलं होतं ते. टोपीखालचे पातळ पडदे दांड्याला न चिकटता मोकळे सुटलेले, दांड्यावर बहुतेक वेळा एक कडं, एवढ्या ओळखीवर जुन्या लोकांनी सगळ्यांना एका घरात कोंबलेलं. घरात आल्यावर मग खोल्या पाडायच्या त्या बीजाणूंच्या रंगावरून. टोपी कापून कागदावर पालथी घालायची, वर काचेचा वाडगा झाकायचा, आणि सकाळी कागदावर पडलेली पूड बघायची. कुणाची पांढरी, कुणाची चॉकलेटी, एकीची तर चक्क हिरवी. मी वसई गावात एका ख्रिस्ती बाईंकडे भाड्यानं राहत होते. त्यांचे नाताळात काढायचे वाडगे जुलै-ऑगस्टभर माझ्याकडे पालथे पडलेले असायचे, आणि हे शिक्षण कधी संपणार, अशी त्या अधूनमधून चौकशी करायच्या.

माझे सर मुंबईला. ते म्हणायचे, तू लवकर आटप, हे सगळं आता मोडीत निघणार आहे. तेव्हा परदेशात डीएनए ताडून कुळं नव्यानं लावायला सुरुवात झाली होती. छत्रीसारख्या अजिबात न दिसणाऱ्या, चेंडूसारख्या गोल बुरश्यासुद्धा आमच्याच कुळात येऊन बसणार, अशा बातम्या येत होत्या. मी इकडे पुडीचे रंग बघून भिंती घालत होते आणि तिकडे अख्खं घर पाडून नव्यानं बांधणं चाललं होतं. मला फार चीड यायची. पण चीड कुणावर काढणार?

या कुळाची एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगायचे. बाजारात निळ्या टोपलीत मिळणारं पांढरं बटन मशरूम या कुळातलं, आणि लेपिओटा नावाच्या प्रजातीतली, म्हणजे कुळातल्या एका पोटगटातली, काही बारकी, साधीसुधी दिसणारी, माणसाचं यकृत निकामी करणारी अळंबीही याच कुळातली. एका घरातल्या सख्ख्या भावांचे स्वभाव जुळत नाहीत, तसंच हे. मुलं हसायची. मीही हसायचे.

माझी मोठी बहीण विरारला, बोळिंजच्या एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये राहायची. भावोजी मालवणकडचे, मुंबईत एका ऑफिसात नोकरीला. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मेहुणीची सगळी थट्टा भावोजींच्या वाट्याला आलेली होती आणि ते ती मनापासून करायचे. मी अळंब्यांच्या पुडीचे ठसे घेते हे कळल्यावर ते म्हणाले होते की रेशनकार्डाला अंगठा घेतात तशी ही छत्र्यांचे अंगठे घेते. त्यांचं स्वतःचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्या घरामागे एक वारूळ होतं, त्यावर दर वर्षी अळंबी यायची. काही मोठी, काही बारकी, तांदूळ उधळल्यासारखी पसरलेली. त्यांची आई ती खुडून आणायची आणि घर पोटभर जेवायचं. जागा कुठली हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, एवढाच काय तो नियम. त्यात शिकण्यासारखं काय आहे?

त्यांच्या घरी श्रावणात मासे बंद. भावोजी महिनाभर तोंड पाडून फिरायचे. अळंबी मात्र त्यांच्याकडे श्रावणात चालायची, आणि चवीला ती मटणाच्या जवळ जाते, त्यामुळे श्रावण त्यांना सुसह्य व्हायचा. आम्ही दोघी बहिणी देशावरच्या. आमच्या घरी अळंबी कधी शिजलीच नव्हती, आणि ताईचा अळंबीवर मुळातच विश्वास नव्हता.

त्या श्रावणात एका रविवारी मी बोळिंजला जेवायला गेले होते. भावोजींनी विषय काढला की अळंबी ही भाजीच, हे तू तुझ्या बहिणीला शास्त्राप्रमाणे सांग. मी म्हटलं, शास्त्राप्रमाणे ती भाजी नाही. बुरशी वनस्पतींत धरायचे दिवस गेले, आणि नवं संशोधन तर असं सांगतंय की ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. भावोजी खदखदून हसले. म्हणाले, म्हणूनच मटणासारखी लागते. ताईनं मात्र हातातली डाव खाली ठेवली.

"मग श्रावणात मी तरी तोंडाला लावणार नाही," ती म्हणाली.

ती असं काही म्हणाली की ते कायमचं असायचं. भावोजींनी तिची खूप समजूत काढली, मी तर शास्त्रातल्या जवळ असण्याचा अर्थ समजावून सांगायला लागले. तिनं आमच्या दोघांच्या पानात भात वाढला आणि विषय संपवला.

पुढच्या रविवारी मी विद्यार्थ्यांना घेऊन गोखिवऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी गेले होते. दोन-चार दिवस संततधार लागून मग उघडीप झाली होती, अशा वेळी छत्र्या भराभर वर येतात. त्या बोळिंजलाही आल्या. ताईचं कॉम्प्लेक्स भाताच्या खाचरांवर भराव घालून उभं राहिलेलं, त्या भरावावर कुठून तरी आणलेली लाल माती, तिच्यावर शेणखत, आणि त्याच्यावर सोसायटीनं हौसेनं लावलेली हिरवळ. तिथे सकाळी फिरताना भावोजींना मोठ्या पांढऱ्या छत्र्या दिसल्या. कुंपणाच्या मेंदीखाली बारकी अळंबी दिसली, तपकिरी ठिपक्यांची. मोठी आणि बारकी, दोन्ही एकाच जागी. त्यांच्या वारुळावर यायची तशीच.

वारूळ नव्हतं, एवढाच फरक होता. पण भावोजींनी सबंध लहानपणी अळंबी कधी निवडलीच नव्हती. ती वारुळानं निवडलेली असायची. तिथे जे उगवेल ते खाण्याचं, हे घरानं ठरवून टाकलेलं होतं, आणि हा माणूस ती खात्री बोळिंजच्या भरावावर घेऊन आला होता. तरी त्यांनी त्यांच्या रीतीनं पारख केली. टोपीला किडे लागलेत ना, मग माणसाला चालतं. भाजी शिजताना ताईचं चांदीचं जोडवं पातेल्यात टाकलं, ते काळं पडलं नाही. कांदा, हिरवी मिरची, ओलं खोबरं, हळद. ताईनं सगळं नीट केलं आणि स्वतःसाठी वेगळी दुधी भोपळ्याची भाजी टाकली.

दर रविवारी भावोजी स्कूटरवरून वसईच्या बाजारात भाजी आणि केळी घ्यायला यायचे. त्या दिवशी येताना माझ्यासाठी डबा घेऊन आले. मी घरी नव्हते, म्हणून घरमालकीणबाईंकडे ठेवून गेले, आणि निरोप ठेवला की आज तुझ्या कुळातलं जेवण आहे. मग बोळिंजला जाऊन ते जेवले.

मी दुपार कलल्यावर घरी आले. डबा उघडला आणि पहिल्या फोडीवरच माझा हात थांबला. टोपीखालच्या पडद्यांना हळदीतूनसुद्धा हिरवट झाक दिसत होती. मी फोनकडे धावले. ताईच्या घरी कुणी उचलेना. शेजारच्या फ्लॅटमध्ये लावला तर त्या बाईंनी सांगितलं, तुमच्या भावोजींना उलट्या सुरू झाल्यात, विरारच्या एका हॉस्पिटलात नेलंय, ताई बरोबर आहेत. ताई बरी आहे ना, असं मी दोनदा विचारलं. तिला काही झालेलं नव्हतं. ती जेवलीच नव्हती त्यातलं.

खरं तर मला थोडं हायसं वाटलं. हिरव्या पुडीची ती मोठी छत्री म्हणजे क्लोरोफायलम. जेवल्यावर लगेच उलट्या-जुलाबांनी माणसाला पिळून काढते, पण सहसा जिवावर बेतत नाही. ज्या खऱ्या वाईट असतात त्या लवकर काही करत नाहीत, माणसाला निवांत बसू देतात. तरी डॉक्टरांना नक्की सांगायला हवं होतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेची किल्ली माझ्याकडे असायची. मी डबा घेऊन तिकडे गेले.

तेल आणि हळद धुऊन काढायलाच वेळ गेला. मोठ्या फोडीतला कण काचपट्टीवर घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली मोठाले, जाड भिंतीचे, हिरवट बीजाणू. क्लोरोफायलम. मी खुर्चीत टेकले. मग भाजीत एक बारकी टोपी दिसली. बारकी होती ती न चिरता अख्खीच टाकलेली. तिचा कण घेतला. बीजाणू लहान, निराळे. आयोडीनचा थेंब सोडल्यावर ते तांबूस तपकिरी झाले. मी पुन्हा नवी पट्टी केली, पुन्हा तेच दिसलं.

लेपिओटा होता तो. कूळ अगॅरिकेसी, प्रजाती लेपिओटा. इथपर्यंत मला शंका नव्हती. पण लेपिओटात निरुपद्रवीही पुष्कळ आहेत, आणि जीव घेणारेही आहेत, आणि नेमकी कुठली जाती हे ओळखायला हाताशी असलेली सगळी पुस्तकं युरोपातल्या रानांवर लिहिलेली. आपल्याकडच्या कितीतरी बारक्या लेपिओटांना अजून कुणी नावच दिलेलं नव्हतं. माझ्याच संग्रहातल्या काही पुड्यांवर प्रजातीच्या पुढे नुसतं 'जाती अनिश्चित' लिहून मी त्या बंद केल्या होत्या. एरवी तसं लिहायला काही वाटायचं नाही.

सरांना फोन केला. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, दोन-तीन प्रश्न विचारले.

"प्रजाती बरोबर आहे तुझी," ते म्हणाले. "जाती शिजलेल्या तुकड्यावरून मी काय, कुणीच सांगणार नाही."

मग वाईट असेल तर काय करायचं, असं मी विचारलं. त्यावर खात्रीचा उतारा नाही, डॉक्टरांना यकृत तपासत राहायला सांग, असं ते म्हणाले. त्यांचा आवाज उतरलेला होता. आयुष्यभर मला न आवडलेला तो शब्द, 'बहुधा', त्यांनी त्या दिवशी फार वेळा वापरला.

हॉस्पिटलात डॉक्टर तरुण होते, समंजस होते. अळंबीची केस त्यांनी पाहिली नव्हती, पण मी सांगत गेले तसं ते लिहून घेत गेले. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. रात्रीपर्यंत उलट्या थांबल्या. दुसऱ्या दिवशी भावोजी उठून बसले, चहा मागितला, ताईच्या हातचीच पेज हवी म्हणून हट्ट केला. ताईच्या जिवात जीव आला. शेजारची मंडळी येऊन हसूनखेळून गेली. डॉक्टर घरी सोडायला तयार होते, मीच हात जोडून म्हटलं की आणखी ठेवा. भावोजींना राग आला. त्यांची रजा फुकट जाणार होती.

"अगो, आमी अळमी खावनच वाढलंव," ते म्हणाले. "माका काय होवचा नाय."

मी हसले, दुसरं काय करणार? ज्या लेपिओटाची मला भीती होती, त्यात असा एक बरा दिवस येतोच. माणूस जेवतो, बोलतो, घरी जायचं म्हणतो, आणि आतून यकृत जात असतं. तो दिवस कसा असतो हे मी वाचलेलं होतं. त्यांच्या पलंगाशी बसून मी त्यांची नखं, डोळे, कातडीचा रंग बघत होते, आणि ते मला ऑफिसातल्या साहेबाच्या गोष्टी सांगत होते. माझं म्हणणं चुकीचं ठरावं म्हणून मी देवाला नवस बोलले. मी देव फारसा मानत नाही, पण तेव्हा दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग रिपोर्ट बिघडायला लागले. डोळे पिवळे झाले. त्यांना मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, जात कुठली? मी कूळ सांगितलं, प्रजाती सांगितली. त्यांनी मान हलवली आणि जे शक्य होतं ते सगळं केलं. भावोजी गेले. शेवटी शेवटी त्यांना शुद्ध नव्हती, ताईचा हात मात्र त्यांनी धरून ठेवला होता.

त्यांचं सगळं करून आम्ही बोळिंजला परत आलो. गावाहून त्यांची आई, थोरले भाऊ आणि वहिनी आली. मी दुसऱ्याच दिवशी खाली जाऊन कुंपणाच्या मेंदीखाली शोधलं. ताजी अळंबी मिळाली असती तर ती परदेशी तज्ज्ञाकडे पाठवता आली असती, जाती ठरली असती. तिथे पांढरी भुकटी पसरलेली होती. सोसायटीनं भीतीपोटी हिरवळ उपटून टाकली होती आणि सगळीकडे ब्लीचिंग पावडर मारली होती. त्यांचं काही चुकलं नव्हतं, तिथे मुलं खेळायची. मी ओली माती उकरत राहिले, वॉचमन येऊन उभा राहिला, मग मी वर आले. डब्यातल्या तुकड्यांवर डीएनएचं काही होईल का असं सरांना विचारलं होतं. तेलातून, हळदीतून, इतकं शिजल्यावर, तेव्हाच्या सोयींत ते जमणार नव्हतं.

मला ते नाव कशाला हवं होतं हे मला त्या आठवड्यात कळलं. ताईच्या सासूबाई फार बोलणाऱ्या नव्हत्या. दिवसभर भिंतीला टेकून बसायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायच्या, की त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या अळंबी खाल्ली. एका दुपारी पाहुणे गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. ताई आत कपड्यांच्या घड्या घालत होती, तिला सगळं ऐकू जात होतं.

"आमच्या अळम्यांनी आजपर्यंत कोण मेलो नाय," त्या म्हणाल्या. मग खालच्या आवाजात, "शिजवल्यान तिना. मगे तिना कित्याक खावक नाय?"

मला उत्तर माहीत होतं. शिजवलं तिनं आणि खाल्लं नाही, कारण त्याच्या आदल्या रविवारी मी जेवताना सांगितलं होतं की बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची. ते मी सांगितलं. त्या हॉलमध्ये, भावोजींच्या फोटोखाली, ते किती खोटं वाटत होतं हे माझं मलाच ऐकू येत होतं. मी म्हटलं, हे तुमच्या वारुळावरचं नव्हे. ते कूळच वेगळं. हे जे होतं त्याच कुळात बाजारातलं मशरूमही येतं, खाण्याचं, रोजचं, आणि त्याच कुळात हे असलंही निघतं. थोरल्या भावांनी विचारलं, म्हणजे बाजारातलं पण विषारी? मी नाही म्हटलं. मग कुळावरून काय कळलं, असं ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, माणूस खरंच समजून घेत होता.

"तेचा नाव काय?" सासूबाईंनी विचारलं.

खून झाला तर नाव लागतं, साप चावला तरी साप कुठला ते लोक विचारतात. मी म्हटलं, त्याला अजून नाव नाही. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. ज्याला नाव नाही अशा गोष्टीनं त्यांचा मुलगा नेला, आणि ही बाई, जी त्याच्या बायकोची सख्खी बहीण आहे, शिकलेली आहे, ती हे सांगत होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. मी हातवारे करून आणखी समजावायला लागले, तेवढ्यात ताई बाहेर आली आणि म्हणाली, "राहू दे."

तेराव्यापर्यंत ताईनं चुलीला हात लावला नाही, स्वयंपाक वहिनी करत होत्या. सुतक फिटल्यावर, दुसऱ्या दिवशी, ती स्वतःहून स्वयंपाकघरात गेली. वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. मंडळींना संध्याकाळच्या गाडीनं गावी निघायचं होतं. हॉलमध्ये आम्ही ओळीनं बसलो. त्यांच्या घरची रीत अशी, की थोरल्यांना आधी वाढायचं आणि सून सगळ्यांच्या शेवटी, सगळं आवरल्यावर जेवणार. इतक्या वर्षांत ताईनं त्यांच्यासमोर आधी कधी घास घेतला नव्हता. तिनं पहिलं ताट सासूबाईंपुढे ठेवलं, भातावर वरण घातलं, तूप सोडलं.

सासूबाईंनी ताटाला हात लावला नाही. दोन बोटांनी ते तिच्याकडे सरकवलं.

"पयलो घास तू घे," त्या म्हणाल्या.

थोरल्या भावांनी खाली बघितलं. माझ्या तोंडाशी सगळं शास्त्र आलं होतं आणि त्यातला एक शब्द तिथे चालणारा नव्हता. ताई माझ्याकडे बघेना. ती हातातलं भांडं बाजूला ठेवून सासूच्या समोर खाली बसली. पदर सावरून तिनं वरणभात कालवला, घास घेतला, सावकाश चावला, गिळला. मग भाजीचा एक घास घेतला. कोशिंबिरीचाही घेतला, कुणी न सांगता. सासूबाई तिच्या गळ्याकडे बघत होत्या. थोडा वेळ गेल्यावर त्यांनी ताट आपल्याकडे ओढलं आणि आम्ही सगळे जेवायला लागलो.